अक्काची हाडं, रूपाचं लग्न

मळमड्डी, धारवाड
१४ जून १९९७

प्रभ्या,

वर 'चि.' लिहून आशीर्वाद द्यावेत इतकी मी म्हातारी झालेली नाही आणि तो घेण्याइतका तू लहान राहिलेला नाहीस, तेव्हा तो भाग सोडून देऊ. खुशाली अशी की डावा पाय पुन्हा प्लास्टरात आहे. पडले नाही, घसरले नाही. आठवी 'ब'ला गणित शिकवून फळ्यासमोरच्या लाकडी चौथऱ्यावरून नुसती खाली उतरले. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "टीचर, खडू मोडला काय?" आवाज तसाच आला होता, त्याची काही चूक नाही.

दिवाळीत तू मामाचं घर म्हणून आमच्याकडे आलास तेव्हा माझे एक्स-रे खिडकीला धरून बसला होतास. अप्पा म्हणालेसुद्धा, "हा काय लग्नाचे फोटो बघितल्यासारखं बघतोय." आता ट्रंकेतले सगळेच एक्स-रे शेजारच्यांबरोबर पुण्याला पाठवते आहे. इथल्या डॉक्टरांनी परत कॅल्शियम लिहून दिलंय. नाचणीची आंबील, चुन्याची निवळी, गोळ्या, सगळं करून झालं. एव्हाना मी आतून चुना मारलेली भिंत झाले असेन, आणि तरी मोडतेच आहे.

आईने एरंडेलाची वाटी पुन्हा बाहेर काढलीय. तुला माहीतच आहे, तिशी आली तरी माझी टाळू मऊच आहे, हाडं जुळलीच नाहीत. आजी जाऊन वर्षं झाली, पण "कुसुमानं पोरीची टाळू नीट भरली नाही" हे तिचं वाक्य काही घरातून जात नाही. आई अजून भरते आहे बिचारी.

आता खरी बातमी. रूपाला बघायला बेळगावची मंडळी आली होती. दर वेळी मला आतल्या खोलीत बसवतात, या वेळी प्लास्टरचा पाय घेऊन मला कोण उचलणार, म्हणून बाहेरच राहिले. त्यांनी रूपाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघितलं. मग पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. माझ्या धाकट्या बहिणीचं हे तिसरं स्थळ माझ्यामुळे गेलं. आता घरात सगळ्यांच्या तोंडी राघूमामा. आईचा सर्वांत धाकटा भाऊ, बँकेत आहे, हुबळीला विद्यानगरात स्वतःचं घर बांधलंय, माणूस सोन्यासारखा. घरच्या घरात केलं की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. अप्पांनी तरी काय केलं, थोरल्या बहिणीचीच मुलगी केली. आमच्यात मामा-भाची म्हटलं की ठरल्यातच जमा. रूपाला विचारलं तर म्हणते, "राघूमामा चांगला आहे की." चांगला आहेच, त्यावर कोण भांडतंय. पण ती हे बोलताना माझ्याकडे बघते आणि मला कसंसंच होतं.

तू तिथे हाडांच्या पेशी बशीत वाढवतोस म्हणे. माझं हाड का मोडतं तेवढं सांग. औषध नसलं तरी चालेल, कारण सांग. मला कारणाशिवाय गप्प बसवत नाही.

नेत्रा

---

पुणे
२० जुलै १९९७

ती. अक्का,
सा. न.

उशीर झाला. एक्स-रे आमच्या सरांना दाखवले, त्यांनी आणखी दोघांना दाखवले. आता खात्रीने लिहितो.

तुझी हाडं कमजोर नाहीत. गरजेपेक्षा जास्त घट्ट आहेत. एक्स-रेमध्ये ती इतकी पांढरी दिसतात ती त्यामुळेच. हाड एकदा बनलं की संपलं असं नसतं. जन्मभर शरीर जुनं हाड थोडं थोडं पाडत असतं आणि त्या जागी नवं घालत असतं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पाडणारी पेशी आधी आम्ल सोडून हाडातला चुना विरघळवते. मग उरते ती प्रथिनाच्या धाग्यांची जाळी. ती कापायला एक कात्री लागते. त्या कात्रीचं नाव कॅथेप्सिन के.

अशा कात्र्या प्रत्येक पेशीत असतात. पेशीतला केरकचरा पचवायला छोट्या पिशव्या असतात, लायसोसोम म्हणतात त्यांना, त्यात त्या राहतात. हाड पाडणारी पेशी ही एक कात्री पिशवीतून बाहेर थेट हाडावर सोडते. तुझ्याकडे ती चालतच नाही. जुनं हाड निघत नाही, नवं वर बसत जातं. तुमच्या गल्लीत जुना रस्ता न उखडता वर्षानुवर्षं वरून डांबर ओततात तसं. दिसायला जाड, पण चटकन तडकतं. तुझी उंची, बोटांची आखूड टोकं, दातांची गर्दी, टाळू, सगळं त्याच एका गोष्टीतून आलंय. या आजाराला पिक्नोडिसॉस्टोसिस म्हणतात. त्याचं मूळ या कात्रीत आहे हे बाहेरच्या देशात गेल्याच वर्षी सापडलं, त्यामुळे तुझ्या डॉक्टरांना दोष देऊ नकोस. कॅल्शियम मात्र बंद कर.

गंमत म्हणजे मामीच्या, तुझ्या आईच्या, वयाच्या बायकांमध्ये हीच कात्री फार चालायला लागते आणि हाडं पोकळ होतात. ती बोथट करायचं औषध शोधण्याच्या मागे मोठमोठ्या कंपन्या लागल्या आहेत. तुला जे नाही तेच त्यांना थांबवायचंय.

हा दोष आईबाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडून आला तर माणसाला काहीच होत नाही, त्याला कळतही नाही. मामा आणि मामी एकाच घरातले, म्हणून दोन्हीकडून तोच आला. तेलाचा काडीचाही संबंध नाही, हे मामीला जरूर सांग. आणि तुला स्वतःची काळजी असेल तर ऐक. नात्याबाहेरच्या माणसाशी तू लग्न केलंस तर तुझ्या मुलांना हा त्रास होण्याची भीती जवळजवळ नाही. औषध आज नाही, ते खोटं सांगत नाही.

मामांना यातलं काही लगेच सांगू नकोस. त्यांच्या घरी राहून मी कॉलेज केलं, मी त्यांना काही शिकवतोय असं त्यांना वाटायला नको.

तुझा
प्रभंजन

---

मळमड्डी
९ ऑगस्ट १९९७

प्रभ्या,

पत्र पाठ झालंय. तीस वर्षांत मला कुणी सरळ उत्तर दिलं ते हे पहिलंच, त्यामुळे आधी तुझी पाठ थोपटते.

आईला सांगितलं. मला वाटलं होतं तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ती तांदूळ निवडत होती.

"आई, तुझं काही चुकलं नव्हतं. तेलाचा संबंध नाही. प्रभंजननं लिहिलंय."

"मग कशाचा?"

"दोघांच्या रक्तातून आलंय ते. तुझ्या नि अप्पांच्या."

तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "म्हणजे तेलाचं नाही, माझंच." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी वाटी घेऊन माझ्यामागे उभी. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणे, "सुम्नं बस जरा, गप्प. बरं वाटतं." मी बसले.

आता तुझ्याबद्दल. तू मला माझ्या लग्नाचं काय समजावतोस? मला कोण विचारतंय, आणि मी तरी कुठे विचारलं होतं? जे विचारायला हवं होतं त्याच्या बाजूने तू हळूच निघून गेलास. एकाकडून आला तर कळतही नाही, असं लिहिलंस. अप्पा-आई दोघं एकाच घरातले, असंही लिहिलंस. मी गणित शिकवते, बाबा. रूपा धडधाकट आहे, राघूमामा कणखर आहे, म्हणून घरात सगळे निर्धास्त. पण अप्पा-आईसुद्धा धडधाकटच होते ना? घरात दोष म्हणजे मी, आणि मी लग्न करत नाही म्हणजे दोष माझ्यापाशीच थांबला, असा आमच्याकडचा हिशेब. तो उलटा आहे का? रूपा आणि राघूमामा यांना माझ्यासारखं मूल होऊ शकतं का?

हो किंवा नाही लिही. दसऱ्यानंतर निश्चय करायचं चाललंय.

नेत्रा

---

पुणे
५ सप्टेंबर १९९७

ती. अक्का,
सा. न.

हो, होऊ शकतं.

होईलच असं नाही. दोघांच्यातही तो दोष लपलेला असेल तरच. तसं असेल तर प्रत्येक मुलामागे चारात एक इतकी शक्यता. दोघांपैकी एकाच्यात जरी नसला तरी काळजीचं कारण नाही. नुसतं बघून ते कळत नाही, रक्त तपासावं लागतं. इथे सोय नाही, पण सरांचे बाहेरच्या एका प्रयोगशाळेशी संबंध आहेत. बोटातून काढलेलं रक्त टिपकागदासारख्या जाड कागदावर वाळवून पाठवायचं. कागद सोबत जोडले आहेत. तुझंही लागेल, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते त्यांना कळेल.

एकच अट आहे, सरांचीही आणि माझीही. रूपा आणि राघूमामा दोघांना कशासाठी घेतोय ते संपूर्ण सांगून, त्यांची तयारी असेल तरच रक्त घ्यायचं. मला या सगळ्याची भीती वाटते आहे. एक चांगलं जमलेलं लग्न आहे आणि मी पुण्यात बसून त्यात हात घालतोय.

प्रभंजन

---

मळमड्डी
२८ सप्टेंबर १९९७

प्रभ्या,

कागद परत पाठवते आहे. पेन्सिलीने नावं घातली आहेत. दोघांनीही हसतखेळत दिलं. राघूमामा रविवारी हुबळीहून स्कूटरवर आला होता, त्याने बोट पुढे करून "आणखी पाहिजे तर घे की" म्हटलं. रूपाने डोळे मिटून घेतले. मी सांगायचं ते सांगितलं आहे.

लग्न माघात धरलंय. आईने पापड करायला घेतलेत, रूपा शिवणकामाला जाते, घरात कामाची इतकी गडबड की मला कुठे बसावं ते कळत नाही. प्लास्टर निघालं, शाळेत जाते. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला माझा हात पुरत नाही, म्हणून मी एरवी खालच्या अर्ध्यातच गणित संपवते. परवा गणित खाली मावेना आणि मी पोरांवर उगीच ओरडले. पोस्टमन दिसला की मी दारापर्यंत जाऊन येते. किती दिवस लागतात रे? लवकर कर.

नेत्रा

---

॥ श्री ॥

धारवाड
२ डिसेंबर १९९७

चि. प्रभंजन यास मामा बाळाचार्य याचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

तुझ्या अभ्यासाची प्रगती ऐकून समाधान वाटते. आज वेगळ्या कारणाने लिहीत आहे. नेत्रेने आमच्या घरातील रक्त तुझ्याकडे पाठवल्याचे चि. राघवेंद्राच्या बोलण्यातून समजले. ते नेत्रेच्या औषधासाठी आहे अशी त्याची व रूपाची समजूत आहे. मी कोर्टात शिरस्तेदारी केलेला मनुष्य आहे. नेत्रेला आडवेतिडवे विचारल्यावर खरे काय ते माझ्या ध्यानात आले. त्या दोघांना मी काही बोललो नाही.

तुझे शास्त्र खोटे असे मी म्हणत नाही. परंतु तू घर बघितले आहेस. बाहेरचे लोक येतात, नेत्रेला पाहतात व परत जातात. उद्या एखाद्याने रूपाला केलीच, तर आम्हां उभयतांच्या मागे तो जावई आपल्या मेव्हणीला घरात ठेवून घेईल काय? पाय मोडून महिना महिना पडलेल्या मुलीला पाणी कोण देईल? राघवेंद्र तिचा सख्खा मामा आहे. त्याने विद्यानगरच्या घरात तिच्यासाठी खालची खोली ठेवली आहे, पायरी नसलेली. हे लग्न मी रूपासाठी जितके करतो तितकेच नेत्रेसाठी करतो. हे तिला मी कधी सांगितले नाही व तूही सांगू नयेस.

तपासाचे उत्तर आले असल्यास ते मला पाठवावे. नेत्रेला पाठवू नये. चार वर्षे तू माझ्या पंक्तीला जेवलास, तेवढ्या अधिकाराने लिहिले आहे.

बाळाचार्य

---

मळमड्डी
२७ डिसेंबर १९९७

प्रभंजन,

दोन पत्रं आणि एक कार्ड टाकलं, तुझं उत्तर नाही. टपाल खातं इतकं वाईट नाही. लग्नपत्रिका हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून छापून आल्या, बैठकीत गठ्ठे रचून ठेवलेत. अप्पा माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. त्यांना कळलंय, आणि तू घाबरला आहेस, हे मला इथे बसून दिसतंय. उत्तर आलं असेल आणि तू ते दाबून बसला असशील तर मी पुण्याला येईन. बसमधून उतरताना पाय मोडला तर तुझ्याच दारात येऊन पडेन. ही धमकी समज.

नेत्रा

---

पुणे
६ जानेवारी १९९८

ती. अक्का,

उत्तर नोव्हेंबरच्या शेवटी आलं. तुझ्यात जो दोष आहे तोच राघूमामात आणि रूपात एकेक आहे. दोघांतही.

मामांचं पत्र आलं म्हणून मी गप्प बसलो. त्यांच्या घरचं अन्न खाल्लं आणि त्यांच्या मनाविरुद्ध जायचं, हे मला जमत नव्हतं. पण गप्प बसण्याचं आणखी एक कारण होतं, ते तुला आवडणार नाही. त्या दोघांना तू काय सांगून रक्त घेतलंस ते मला मामांच्या पत्रातूनच समजलं. तुझ्या औषधासाठी. मी एकच अट घातली होती, अक्का. मला इतका राग आला की तुझं प्रत्येक पत्र वाचून मी पालथं घालून ठेवत होतो.

मग वाटलं, तू लपवलंस, मामांनी लपवलं, मी लपवलं, आणि ज्यांचं रक्त आहे ती दोघं लग्नाची खरेदी करतायत. हे उत्तर तुझं नाही, माझं नाही, मामांचंही नाही. म्हणून आजच्याच टपालाने रूपाला आणि राघूमामाला वेगवेगळी पत्रं टाकली आहेत. सगळं लिहिलंय, रक्त कसं घेतलं गेलं तेही.

आणखी एक, मामांनी नको म्हटलं होतं तरी सांगतो. ते हे लग्न तुझ्यासाठी करत आहेत. त्यांच्यामागे तुला राहायला घर असावं म्हणून. विद्यानगरची खालची खोली तुझ्यासाठी आहे. मला वाटतं रूपालाही हे ठाऊक असावं.

प्रभंजन

---

मळमड्डी
२० जानेवारी १९९८

प्रभ्या,

झालं ते सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझं डोकं फुटेल.

तुझी पत्रं पोचली. दोन दिवस रूपा माझ्याशी बोलली नाही. रविवारी राघूमामा आला, बूट काढून सरळ बैठकीत बसला. अप्पा आरामखुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारात, मी पत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी. आधी मीच बोलले. म्हटलं, मी खोटं सांगून तुमचं रक्त घेतलं. राघूमामा माझ्याकडे बघून म्हणाला, "खरं सांगून मागितलं असतंस तरी दिलंच असतं की, नेत्रा." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना.

अप्पा म्हणाले, "चारात एक. म्हणजे तीन चांगली." हे माझ्या गणितातलं वाक्य त्यांनी माझ्यासमोर टाकलं. मी म्हटलं, "अप्पा, चौथी कोण आहे ते ठाऊक आहे ना?" मग ते इतक्या हळू आवाजात बोलले की ऐकायला पुढे वाकावं लागलं. "आम्ही गेल्यावर तुला कोण, नेत्रे? हे एक घर होतं."

तोवर रूपा भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम पुढे आली. "साकु आता, पुरे. हे घर अक्कासाठी आहे ते मला आधीपासून कळत होतं. मला कुणी सांगावं लागलं नाही. मी आपणहून हो म्हटलंय. अक्कासारखं मूल झालं तर झालं. सांभाळू. तुम्ही अक्काला सांभाळलं नाही काय?" मग तिने माझ्याकडे तोंड केलं. "तू इतकी धडपड करालीस, अक्का, कशासाठी? तुझ्यासारखं कुणी होऊ नये म्हणून. म्हणजे तू झाली नसतीस तर बरं झालं असतं? तसं वाटतं काय तुला? सांग."

प्रभ्या, हे कात्रीत येत नाही, पेशीत येत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी गेले सहा महिने नुसती पळत होते, हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता.

मी म्हटलं, "नाही. मला जगायला आवडतं. मला आठवी 'ब' आवडते. तू आवडतेस. मी झाले ते बरंच झालं." रूपा म्हणाली, "मग?" मग मी जे कधीच कुणाला बोलले नव्हते ते बोलले. मोडण्याचे विनोद मी सगळ्यांना सांगते, दुखण्याचं कधी सांगितलं नाही. लहानपणी पाय मोडला की मी उशीचा अभ्रा दातांत धरायची, कारण मी रडले की आजी आईला बोलायची. मांडीचं हाड मोडलं तेव्हा तर कुणी खोलीत पाऊल टाकलं तरी त्या हादऱ्याने जीव जायचा, आणि रूपा तेव्हा तीन वर्षांची, सारखी पळत यायची, आणि मी तिच्याकडे बघून हसायची. आई दारात खाली बसली. मला थांबता येईना. म्हटलं, "मूल झालं, ते असं निघालं, त्याच्यावर माया केली, ते वेगळं. माहीत असून त्याला बोलवायचं, आणि तेही माझ्या डोक्यावर छप्पर पाहिजे म्हणून, ते मला सहन होणार नाही. रूपा, तू मामाशी लग्न केलंस तरी मी त्या खोलीत राहायला येणार नाही. शपथ घेऊन सांगते."

अप्पा म्हणाले, "मग कुठे जाशील?"

"शाळेत जाईन, अप्पा. रोज जाते तशी."

मग राघूमामा खाली बघत म्हणाला, "रूपा, तुला हवं असेल तर आपण मूल होऊ देऊ नये. माझी तयारी आहे." तो मनापासून म्हणाला, मी शपथेवर सांगते. रूपाने त्याच्याकडे बघितलं, तिचा चेहरा अगदी लहान पोरीसारखा झाला. म्हणाली, "मामा, मला मूल पाहिजे. मला त्याच्याशिवाय नाही राहता येणार." आणि रडायला लागली. राघूमामाने मान हलवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बूट घालायला गेला. लग्न मोडलं ते असं.

अप्पा उठले, कोट चढवला. "कोप्पीकर रोडला जाऊन येतो," म्हणाले, "पत्रिका थांबवायला सांगायला पाहिजे." गठ्ठे त्यांच्या पायाशी होते. कुणीच त्यांना ते म्हटलं नाही. ते हुबळीची बस पकडून गेले आणि संध्याकाळी परत आले.

तुझ्यावर मी अजून चिडलेलीच आहे, पण त्या दोघांना पत्रं टाकण्याआधी तू मला विचारलं नाहीस हे बरं केलंस. मी नको म्हटलं असतं.

नेत्रा

---

सांगली
११ नोव्हेंबर २००१

प्रिय अक्का,

तुझं पत्र पोचलं. अप्पांचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. राघूमामाला मुलगी झाल्याचं गदगहून त्याच्या सासूबाईंनी कळवलं, मी त्याला फोनही केला. इथे सगळं ठीक आहे. यशवंतरावांची बदली या वर्षी तरी होत नाही. माझ्या सासूबाई परवाही तुझी आठवण काढत होत्या, की स्थळ सांगून आल्यावर आधी आपण होऊन घरी येऊन स्वतःचे एक्स-रे दाखवणारी बाई त्यांनी जन्मात बघितली नाही. आता त्या हे हसत सांगतात. त्या दिवशी हसत नव्हत्या, ते मला आठवतंय.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. मंगळवारी बाळ पलंगावरून पडला. चांगला उंच पलंग आहे, खाली फरशी. तो आवाज झाला. मी पळत गेले, तोवर तो उठून उभा राहिला होता, भिंतीला धरून चालत निघून गेला, रडलासुद्धा नाही. मी त्याला उचललं आणि त्याचे पाय, हात, पुन्हा पाय असं चाचपत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगो, दणकट आहे पोरगं, काही होत नाही." मला इतका आनंद झाला की मी त्याला घट्ट धरून हसत होते.

आणि मग अक्का, मला रडू फुटलं. खूप रडले. मला वाटलं, किती खूश झाले मी, याच्यात तुझं काही नाही म्हणून. बैठकीत उभी राहून मी तुला तो प्रश्न विचारला होता, आणि आता मीच देवाचे आभार मानत होते की माझं मूल तुझ्यासारखं नाही. मला माझीच लाज वाटली. कुणाशी बोलावं कळेना, म्हणून दुपारी प्रभंजनला फोन लावला. तो आधी घाबरला, त्याला वाटलं बाळाला काही झालं. मग मी त्याला विचारलं, माझ्यात जो एक दोष आहे तो याच्यात गेला असेल का? तो मला धीर देत म्हणाला, "अर्धी शक्यता आहे, पण असला तरी लपून राहील, त्याला जन्मात काही होणार नाही, तू अजिबात काळजी करू नकोस."

मी काळजी करतच नव्हते. तुझ्यातलं थोडं त्याच्यात असण्याची निम्मी शक्यता आहे हे ऐकून मला किती बरं वाटलं ते त्याला सांगता आलं नाही, इथेही कुणाला सांगता येणार नाही. तुला सांगते. तपासणी करायची का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. असेल असंच धरून चालणार आहे मी.

तुझी
रूपा